अवयव कुणाचा, भार कुणावर?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर या तालुक्यात साधी प्रॅक्टिस केली. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाला सांगावं असं त्यांच्या उमेदीच्या काळात डॉक्टरांकडे फारसं काही नव्हतं. आज त्याच माणसाला सांगण्यासारखं इतकं आहे की एका संध्याकाळी ते उरकणार नाही. म्हणून 'अवयव प्रत्यारोपण : आजचे शोध, उद्याची दिशा' हा विषय आयोजकांनी सुचवला, तेव्हा मी एक सवलत मागून घेतली. शोधांची जंत्री मी वाचणार नाही. प्रत्येक शोधाला एकच प्रश्न विचारणार आहे. आपल्याकडे प्रत्यारोपणाचा भार ज्यांच्या अंगावर पडतो, त्यांचा भार या शोधानं हलका होतो की वाढतो?

हा भार कुणावर आहे ते आधी आकड्यांत पाहू. 2013 साली देशभरात पाच हजारांपेक्षा थोडी कमी प्रत्यारोपणं झाली. 2023 साली हा आकडा 18,000 च्या पुढे गेला. संख्येच्या हिशेबात आपण जगातल्या पहिल्या काही देशांत आहोत आणि आपल्या शल्यविशारदांचं कसब कुणापेक्षा कमी नाही. पण त्या अठरा हजारांतली तीन हजारांहूनही कमी प्रत्यारोपणं मृत दात्यांच्या अवयवांची होती. उरलेल्या पंधरा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांत एक धडधाकट माणूस ऑपरेशनच्या टेबलावर झोपला आणि त्यानं स्वतःचा अवयव काढून दिला. त्या वर्षी सगळ्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते 1,099. म्हणजे दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे पन्नासच्या आसपास आहे आणि तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त प्रत्यारोपणं मृत दात्यांच्या अवयवांवर होतात.

मग आपले हे जिवंत दाते कोण? बहुतेक स्त्रिया. बायको, आई, बहीण, क्वचित सासू. आणि घेणारे कोण? 1995 ते 2021 या काळात केंद्र सरकारच्या प्रत्यारोपण संस्थेकडे नोंद झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29,000 हून अधिक पुरुषांना झाली, सात हजारांहून कमी स्त्रियांना. देणाऱ्या स्त्रिया आणि घेणारे पुरुष, असा हा सरळ हिशेब आहे.

यातलं काही शरीरशास्त्रानंच ठरवलेलं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गरोदरपणात मूल बापाच्या पेशींची ओळख घेऊन आईच्या पोटात वाढतं. त्यामुळे आईच्या रक्तात कधीकधी नवऱ्याच्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. पुढे तिलाच किडनी लागली तर नवऱ्याची किडनी तिचं शरीर झिडकारण्याचा धोका वाढतो. म्हणजे बायको नवऱ्याला देऊ शकते, पण नवरा बायकोला देऊ शकत नाही, अशी जोडपी खरोखर असतात. अमेरिकेतही जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया साठ टक्क्यांहून जास्त आहेत. पण देणाऱ्या-घेणाऱ्यांमधलं आपल्याकडचं हे अंतर नुसत्या प्रतिद्रव्यांनी भरून निघत नाही. तिथे घरातली बैठक असते, 'तो कमावता आहे' हे वाक्य असतं, आणि कुणी न विचारताच पुढे होणारी बाई असते.

औषधांनी दात्यांचं वर्तुळ वाढवलं

23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाला त्याच्या जुळ्या भावाची किडनी बसवली. भाऊ हुबेहूब जुळे होते, म्हणून शरीरानं ती परकी मानली नाही. तो रुग्ण त्यानंतर आठ वर्षं जगला आणि मरे यांना 1990 मध्ये नोबेल मिळालं. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? परकेपणाची ही भिंत पाडायला औषधं लागणार होती, आणि ती मातीतून मिळाली. नॉर्वेतल्या हार्डांगरच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन आलं. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. ईस्टर बेटाच्या मातीतून सिरोलिमस आलं आणि ते वेगळं काढणाऱ्या चमूचे प्रमुख होते मॉन्ट्रियलमध्ये काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल. 1983 मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला मंजुरी मिळाली आणि प्रत्यारोपण हा धाडसाचा खेळ न राहता रोजचा उपचार झाला.

या औषधांनी आणखी एक गोष्ट केली. पूर्वी दाता रक्ताच्या नात्यातला असावा लागे. भाऊ, बहीण, आई, वडील. पेशींचा मेळ बसणं महत्त्वाचं होतं. औषधं चांगली झाली तसा हा मेळ कमी बसला तरी चालू लागलं. रक्ताचं नातं नसलेली एक व्यक्ती त्यामुळे दात्यांच्या रांगेत आली, ती म्हणजे बायको. आपल्या 1994 च्या कायद्यानं 'जवळच्या नातेवाइकां'त पतिपत्नी धरले तेव्हा या वैद्यकीय शक्यतेला कायद्याचं दार उघडलं.

पुढच्या सुधारणा याच दिशेनं गेल्या. 1995 मध्ये अमेरिकेत जिवंत दात्याची किडनी दुर्बिणीतून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. बरगडीखालची वीतभर चीर जाऊन तीन-चार छोटी छिद्रं आणि किडनी बाहेर काढण्यापुरती लहान चीर उरली. दात्याचं दुखणं कमी झालं, आणि त्याला विचारणंही सोपं झालं. मग रक्तगट जुळत नसतानाही प्रत्यारोपण करता येऊ लागलं. किडनी घेणाऱ्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं गाळून काढायची, ती बनवणाऱ्या पेशींना औषधानं थोपवायचं आणि मग किडनी बसवायची. 2011 च्या कायदादुरुस्तीनं अदलाबदलीच्या प्रत्यारोपणालाही मान्यता दिली. दोन जोडप्यांत प्रत्येकीचा रक्तगट दुसरीच्या नवऱ्याशी जुळत असेल तर देवाणघेवाण करता येते.

या सगळ्या सुधारणांनी हजारो माणसं वाचली. मीही त्या वापरतो. पण त्यांची दुसरी बाजू दात्याशी एकट्यानं बोलणाऱ्या डॉक्टरलाच दिसते. आमच्याकडे दात्याला नातेवाइकांपासून वेगळं बसवून विचारण्याची पद्धत आहे. समोरच्या बाईला मनातून द्यायचं नसेल, तर 'तपासण्यांत तुम्ही योग्य ठरत नाही' एवढंच घरच्यांना सांगितलं जातं. खरं कारण कुणाला कळत नाही आणि तिच्या संसाराला ओरखडा पडत नाही. रक्तगट न जुळणं ही अशा वेळी सगळ्यात सोपी, कुणी वाद घालू न शकणारी सबब होती. आता ती उरलेली नाही. विज्ञानानं एक-एक अडचण दूर केली, आणि 'नाही' म्हणण्याची एक-एक वाटही त्याबरोबर बुजत गेली.

जिवंत दात्याचा धोका फार लहान आहे, पण शून्य नाही. किडनीदात्यांमध्ये शस्त्रक्रियेमुळे मृत्यूचं प्रमाण दहा हजारांमागे सुमारे तीन होतं आणि अलीकडे ते आणखी कमी झालं आहे. यकृताचा उजवा भाग देणाऱ्यांमध्ये हा धोका त्याहून बराच जास्त असतो. किडनी दिल्यानंतर बाई गरोदर राहिली तर रक्तदाब वाढण्याची आणि प्री-एक्लॅम्प्शिया या गरोदरपणातल्या गुंतागुंतीची शक्यता वाढते, हे कॅनडातल्या पाहणीनं 2015 मध्ये दाखवून दिलं. मूल व्हायचं असलेल्या तरुण सुनेला हे कुणी सांगतं का, हा आमच्या क्षेत्रानं स्वतःला विचारायचा प्रश्न आहे.

बर्फाच्या पेटीतून यंत्राकडे

आता मृत दात्याच्या अवयवांकडे वळतो, कारण भार हलका करणारे शोध मुख्यतः इथे आहेत.

काढलेला अवयव आजवर बर्फाच्या पेटीतून नेत आलो. थंडीनं पेशींची भूक मंदावते, पण थांबत नाही. हृदयाला साधारण चार तास मिळतात, फुप्फुसांना सहा, यकृताला आठ ते बारा, किडनीला चोवीस किंवा थोडे जास्त. म्हणून रस्ते मोकळे करून धावणारी रुग्णवाहिका आपण दूरदर्शनवर बघतो. पण बर्फातला अवयव गप्प असतो. तो आत गेल्यावर चालेल की नाही हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे शंका आली की डॉक्टर तो नाकारतात.

ऑक्सफर्डमध्ये पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टँटिन कूसिओस यांनी यकृत शरीराच्या तापमानात, रक्त फिरवत जिवंत ठेवणारं यंत्र बनवलं. 2018 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलेल्या युरोपातल्या चाचणीत या यंत्रावर ठेवलेली यकृतं बर्फातल्यांपेक्षा अर्ध्या प्रमाणात वाया गेली, आणि तीही जास्त वेळ बाहेर राहूनसुद्धा. पित्त तयार होतं का, साखर वापरली जाते का, हे यंत्रावर बघता येतं. यकृताची परीक्षा रुग्णाच्या पोटात नव्हे, पेटीतच होते. टोरँटोत शाफ केशवजी यांच्या चमूनं फुप्फुसांसाठी हेच केलं. नाकारलेली फुप्फुसं धुऊन, सुधारून वापरात आणली. झुरिकमध्ये पिएर-आलाँ क्लाव्हिएँ यांच्या गटानं 2021 मध्ये एक यकृत तीन दिवस यंत्रावर ठेवून रुग्णाला बसवलं. ते कुणीच स्वीकारलं नव्हतं. वर्षानंतरही रुग्ण बरा होता.

दुसरा मोठा बदल म्हणजे हृदय थांबून मृत्यू आलेल्या दात्यांचे अवयव. 2014 मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात थांबलेलं हृदय यंत्रावर पुन्हा धडधडायला लावून बसवण्यात आलं. 'थांबलेलं हृदय पुन्हा कसं बसवणार' ही जुनी शंका तिथे मिटली. स्पेनमध्ये आज जवळपास निम्मे दाते या प्रकारचे असतात. आपल्याकडे हे काम फार थोडं झालं आहे.

आणखी पुढचं पाऊल मिनेसोटा विद्यापीठात पडलं. 2023 मध्ये तिथल्या संशोधकांनी उंदराची किडनी बर्फाचे स्फटिक न होऊ देता काचेसारखी गोठवली, शंभर दिवस ठेवली, लोखंडाच्या सूक्ष्म कणांनी आतून एकसारखी तापवली आणि दुसऱ्या उंदराला बसवली. ती चालली. माणसाच्या अवयवाला हे जमलं तर अवयवांची पेढी शक्य होईल. मोठा अवयव एकसारखा तापवणं अवघड असल्यानं त्याला बराच काळ लागेल.

माझ्या प्रश्नाच्या कसोटीवर ही यंत्रं उतरतात. वाया जाणारं एक यकृत वाचलं, तर कुणाच्या तरी बहिणीच्या यकृताचा तुकडा वाचला. महाराष्ट्रात नागपूर, पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं आहेत. अवयव बारा-पंधरा तास ताजा राहिला तर त्यांच्यातली अंतरं उरणारच नाहीत. पण यंत्र मुळात दिलेल्या अवयवालाच वाचवतं. न दिलेल्या अवयवाला यंत्राचा उपयोग नाही.

डुकराची किडनी

सगळ्यात जास्त बातम्या याच्याच येतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. प्राण्यांचे अवयव माणसाला बसवण्याचे प्रयोग जुने आहेत. 1963-64 मध्ये अमेरिकेत कीथ रीम्ट्स्मा यांनी चिंपांझीच्या किडन्या बसवल्या. त्यातली एक रुग्ण नऊ महिने जगली. आपल्या देशातही 1997 च्या जानेवारीत आसाममध्ये डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं. रुग्ण आठवडाभरात गेला, आणि प्रत्यारोपण कायद्याखाली डॉक्टरांना अटक झाली. विज्ञान तयार नसताना, नैतिक समितीची परवानगी नसताना केलेल्या शस्त्रक्रियेची ती शिक्षा होती. पण त्या दिशेला बघणं चूक नव्हतं, हे पुढे दिसलं.

फरक पडला तो जनुकं कापण्या-जोडण्याच्या तंत्रानं. डुकराच्या पेशीवर असलेल्या काही शर्करा माणसाचं शरीर क्षणात ओळखतं आणि अवयव मिनिटांत काळा पडतो. त्या शर्करा बनवणारी तीन जनुकं काढून टाकली. रक्त न गोठू देणारी आणि प्रतिकाराला आवर घालणारी माणसाची जनुकं डुकरात घातली. एका जातीत किडनी अवाजवी वाढू नये म्हणून वाढीच्या संप्रेरकाचा स्वीकार करणारं जनुकही बंद केलं. दुसऱ्या जातीत डुकराच्या गुणसूत्रांत लपलेले 59 विषाणूंचे अवशेषही निकामी केले. या दुसऱ्या जातीत एकूण बदल 69.

2021 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट माँटगोमेरी यांनी यातलं एकच जनुक काढलेल्या डुकराची किडनी मेंदूमृत व्यक्तीच्या शरीराला जोडून पाहिली. 2022 च्या जानेवारीत मेरीलँड विद्यापीठात बार्टली ग्रिफिथ आणि मुहम्मद मोहिउद्दीन यांनी एका रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं. तो दोन महिने जगला आणि नंतर त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला. 2024 च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जिवंत रुग्णाला पहिल्यांदा जनुकं बदललेल्या डुकराची किडनी बसवली गेली. 2025 मध्ये तिथेच बसवलेली एक किडनी 271 दिवस चालली आणि मग काढावी लागली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2025 मध्ये रीतसर चाचण्यांनाही परवानगी दिली आहे. आता हा एखाद-दुसरा थरार राहिलेला नाही. औषधाची पाहावी तशी याची परीक्षा सुरू झाली आहे.

माझ्या कसोटीवर? ही एकच दिशा अशी आहे की ती यशस्वी झाली तर जिवंत दात्याची गरजच कमी होईल. पण दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, नऊ महिने टिकणारी किडनी अजून डायलिसिसची जागा घेत नाही; चांगल्या मानवी किडनीला आपण दहा-पंधरा वर्षं धरतो. दोन, ही जनावरं निर्जंतुक गोठ्यांत, परदेशी पेटंटखाली वाढतात. ज्या देशात किडनी बसवल्यानंतरच्या रोजच्या गोळ्यांसाठी माणसं जमीन विकतात, तिथे हा अवयव कुणाला परवडेल, हा विचार आज करायला हवा. नाहीतर श्रीमंतांना डुकराची किडनी आणि गरिबांना बायकोची, अशी विभागणी होईल.

पेशी, सहिष्णुता आणि गर्भाशय

काही दिशांचा थोडक्यात उल्लेख करतो. मूळपेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी टाइप-1 मधुमेहाच्या रुग्णांच्या यकृतात सोडण्याची चाचणी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण मात्रा घेतलेल्या 12 पैकी 10 रुग्णांना वर्षानंतर इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. स्वीडनमध्ये तर मृत दात्याच्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी जनुकं बदलून प्रतिकारशक्तीपासून लपवल्या गेल्या आणि त्या औषधाशिवाय टिकल्या. मूळपेशींच्या वाटेवर अवयव देणारा दाताच उरत नाही, म्हणून या कामाकडे मी सर्वात आशेनं बघतो. पण पेशी वेगळ्या आणि गाळणी, नळ्या, रक्तवाहिन्या यांची गुंतागुंत असलेली किडनी वेगळी. ती बनवायला अजून खूप अवकाश आहे.

दुसरं स्वप्न आहे 'सहिष्णुते'चं, म्हणजे औषधं न घेताही शरीरानं परका अवयव आपला मानावा. पीटर मेडावर यांनी 1953 मध्ये उंदरांत ते शक्य असल्याचं दाखवलं. बॉस्टनमध्ये डेव्हिड सॅक्स आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांत ते साधलं. रोजच्या गोळ्या सुटणं ही रुग्णासाठी फार मोठी गोष्ट आहे. पण आजच्या पद्धतीत किडनीबरोबर त्याच दात्याच्या रक्तनिर्मितीच्या मूळपेशीही लागतात. म्हणजे जिवंत दात्याला आणखी एक हप्ता भरावा लागतो.

गर्भाशयाच्या प्रत्यारोपणात आपला महाराष्ट्र पुढे होता. 2014 मध्ये स्वीडनमध्ये माट्स ब्रेनस्ट्रॉम यांच्या चमूच्या रुग्णाला प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातलं पहिलं बाळ झालं. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी 2017 मध्ये आईचं गर्भाशय दुर्बिणीतून काढून मुलीला बसवलं. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये त्या मुलीला मुलगी झाली. शस्त्रक्रिया म्हणून ही गोष्ट असामान्य आहे. तरी दाता इथेही आईच. याच सुमारास ब्राझीलमध्ये मृत दात्याच्या गर्भाशयातून बाळ जन्माला आलं. हाही पर्याय आहे, आणि तो आपल्याकडे उचलायला हवा.

अतिदक्षता विभागाचं दार

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. वरचे सगळे शोध खरे ठरले तरी ते सगळ्यांपर्यंत पोहोचायला काही दशकं लागतील. मेंदूमृत दात्यांची वाट आजच मोकळी आहे आणि ती आपण पुरेशी वापरत नाही.

16 फेब्रुवारी 1968 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाऊनमध्ये डॉ. क्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काहीच तास जगला. पण सेन यांची अडचण फक्त वैद्यकीय नव्हती. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, हे सांगणारा कायदा देशात नव्हता. हार्वर्डच्या समितीनं मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले तेही त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पुढची सव्वीस वर्षं हा कायदा आपल्याकडे आला नाही, आणि त्या काळात मुंबई-मद्रासकडे किडनीचा बाजार मांडला गेला.

1994 मध्ये संसदेनं मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यानं संसदेला तसा कायदा करता यावा म्हणून ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी आधी ठराव केले ती तीन होती: महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. 4 फेब्रुवारी 1995 पासून या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत तो लागू झाला. पहिलं पाऊल आपण टाकलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. 2023 साली महाराष्ट्रात मृत दाते मात्र दीडशेच्या आसपास होते. तेलंगण आणि तामिळनाडू आपल्या पुढे होते.

मेंदूमृत्यू कसा ठरवतात ते सगळ्यांना माहीत असावं, कारण संशय तिथेच असतो. चार डॉक्टरांचं मंडळ असतं: रुग्णालयाचे प्रमुख, नियुक्त यादीतले एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद, आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कुणीही या मंडळात नसतो. डोळ्यांच्या, घशाच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. व्हेंटिलेटर काढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला तरी श्वास घेतला जातो का, ते बघतात. हे सगळं किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा. इतकी खबरदारी आपण दुसऱ्या कुठल्या निदानात घेत नाही.

मग अडतं कुठे? पहिलं, निदानच होत नाही. अपघाताचा, मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण व्हेंटिलेटरवर पडून राहतो, दोन-तीन दिवसांनी हृदय थांबतं आणि कागदावर 'हृदयक्रिया बंद' लिहिलं जातं. मेंदूमृत्यू जाहीर करण्याची जबाबदारी कुणी घेत नाही. दुसरं, आपल्या कायद्यात मेंदूमृत्यूला मृत्यू मानलं जातं ते अवयवदानाच्या संदर्भात. कुटुंबानं नकार दिला तर पुढे काय, याची स्पष्टता नाही, म्हणून डॉक्टर विषयच काढत नाहीत. तिसरं, विचारायचं कुणी? 2011 च्या दुरुस्तीनं प्रत्यारोपण समन्वयक अनिवार्य केले आणि कुटुंबाला विचारणं ही रुग्णालयाची जबाबदारी ठरवली. अनेक ठिकाणी हे काम दुसरी चार कामं करणाऱ्या एखाद्या समाजसेवकावर सोडलेलं असतं.

स्पेनमध्ये 1989 साली दर दहा लाखांमागे चौदा दाते होते. डॉ. राफाएल मातेसांथ यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभारली आणि एकच गोष्ट चिकाटीनं केली. प्रत्येक रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्याच डॉक्टरला समन्वयक नेमलं, प्रशिक्षण दिलं, आणि प्रत्येक मृत्यूची नंतर तपासणी केली: हा संभाव्य दाता होता का, विचारलं का, नसेल तर का नाही. तिथे 'सगळे दाते असल्याचं मानायचं' असा कायदा आहे, तरी कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. यश त्या कायद्याचं नाही, समन्वयकाचं आहे, हे मातेसांथ यांनी वारंवार सांगितलं आहे.

आपल्याकडेही काही गोष्टी सुधारल्या आहेत. 2021 मध्ये केंद्र सरकारनं सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली, त्यामुळे अपघाती मृत्यूंतल्या दात्यांच्या कुटुंबांचा खोळंबा कमी झाला. 2023 मध्ये प्रतीक्षायादीत नाव नोंदवायची 65 वर्षांची वयोमर्यादा आणि अधिवासाची अट काढली गेली. तामिळनाडूनं त्याच वर्षी दात्याच्या अंत्यसंस्काराला शासकीय मान देण्याचं ठरवलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या प्रत्यारोपण संस्थेनं अवयववाटपात स्त्रियांना आणि पूर्वी अवयव दिलेल्या कुटुंबांतल्या प्रतीक्षेतल्या रुग्णांना प्राधान्य द्यावं असं राज्यांना सुचवलं. ही सूचना कागदावर राहू नये.

शेवटचं मागणं

श्रोतेहो, माझा निष्कर्ष साधा आहे. पुढच्या वीस वर्षांत जगातल्या प्रयोगशाळा डुकराची किडनी, मूळपेशी आणि गोठवलेले अवयव यांवर काम करतील, आणि त्या कामात आपल्या तरुण शास्त्रज्ञांनी उतरावं. पण महाराष्ट्रातल्या घरांमधल्या स्त्रियांवरचा भार या दशकात कमी होईल, तो केवळ अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू वेळेवर जाहीर झाल्यानं.

म्हणून तीन मागण्या. आमच्या व्यवसायाला: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मेंदूमृत्यू ठरवणारं मंडळ आणि पूर्णवेळ समन्वयक असावा, आणि अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक मृत्यूची वार्षिक तपासणी जाहीर व्हावी. सरकारला: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे, तशीच प्रत्यारोपणानंतरच्या औषधांची आयुष्यभराची सोय व्हावी, आणि जिवंत दात्याची तपासणी दरवर्षी मोफत व्हावी, कारण देणारी आज रुग्ण नसली तरी उद्या होऊ शकते.

आणि तुम्हाला: अवयवदानाचा संकल्प नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. आज रात्री जेवताना घरच्यांना स्पष्ट सांगा, कारण शेवटी विचारलं जाणार आहे त्यांना, कार्डाला नाही. घरातल्या कुणाला कधी किडनी किंवा यकृत लागलंच, तर बायकांच्या आधी पुरुषांनी तपासणीला जावं. पुरुष योग्य ठरले नाहीत, तर मग पुढचं बघता येईल. आजवर हा क्रम उलटा राहिला आहे. तो बदलणं आपल्याच हातात आहे.